सायकलने दिवाळे कोळीवाडा, तिथून होडीने खाडीत: पहिल्यांदा गरी टाकायला जाणाऱ्यांसाठी

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या बऱ्याच जणांना खाडी दिसते ती लोकलच्या खिडकीतून, वाशीच्या पुलावर. त्या पाण्यात उतरायची इच्छा झाली तर सुरुवात कुठून करायची, हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. सायकलवाले सायकलीचं सांगतात, गळवाले गळाचं म्हणजे गरीचं, आणि होडीचं फक्त कोळीच सांगू शकतात. या तिन्ही गोष्टी एकाच सकाळी कशा बसवायच्या, ते इथे क्रमाने लिहितो. ठिकाण म्हणून बेलापूरचा दिवाळे कोळीवाडा धरला आहे. पनवेलची खाडी ठाण्याच्या खाडीला मिळते तिथलं हे गाव, पाम बीच रस्त्याने सायकलला सोयीचं, आणि मासळीबाजार बाराही महिने जागा. नेरुळजवळच्या सारसोळे जेट्टीलाही हाच क्रम लागू पडतो.

१. आधी तिथी बघा, मग वार

नवखा माणूस रविवार ठरवतो, मित्रांना कळवतो, टायरमध्ये हवा भरतो आणि शेवटी भरती कधी आहे ते बघतो. हा क्रम उलटा हवा. खाडीत पाणी नसेल तर जेट्टीसमोर नुसता चिखल असतो आणि होडी त्यात बसून राहते. तुमच्या सुट्टीशी तिला काही देणंघेणं नसतं.

भरती काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. दशमी असेल तर दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि रोज सगळं पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकतं. हा अंदाज आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून किंवा मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून घ्या. मात्र तक्ता बहुतेक वेळा मुंबईच्या अपोलो बंदराचा असतो आणि खाडीच्या आत पाणी त्याच्या थोडं मागे असतं, हे धरून चला.

आता हाच हिशोब सकाळच्या फेरीला लावून बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे सहाला पूर्ण ओहोटी. चतुर्थीला भरती तीनची, म्हणजे सकाळी नऊला खाडी रिकामी. अष्टमीला सहाला भरती, पण उजाडेपर्यंत पाणी उतरायला लागलेलं. उरतात दशमी, एकादशी आणि द्वादशी. उजाडता उजाडता चढत्या पाण्यावर निघायचं, पाणी थांबतं त्या वेळात गरी टाकायची आणि उतरत्या पाण्यात पुरेशी खोली आहे तोवर परत यायचं. महिन्यातून दोनदा हे तीन-तीन दिवस येतात. त्यात रविवार सापडला तर उत्तम, नाहीतर रजा टाका. एकादशीला घरात मासे चालत नसतील तर दशमी किंवा द्वादशी धरा. पकडलेली मासळी फ्रीजरमध्ये लपवून प्रश्न सुटत नाही.

या दिवसांचा आणखी एक फायदा आहे. अष्टमीनंतरचे एक-दोन दिवस भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी आणि ओढही कमी. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं आणि खाडीच्या तोंडाशी वल्ह्याची होडी त्या ओढीला पुरी पडत नाही. डोल जाळं लावणाऱ्यांना उधाण हवं असतं, कारण त्यांच्या जाळ्यात मासळी ढकलायचं काम पाण्याची ओढ करते. गरी टाकणाऱ्याला शांत पाणी बरं.

२. मोसम

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. वल्ह्याच्या होड्या त्या बंदीत येत नाहीत, पण तेवढ्यावर पावसाळ्यात जाऊ नका. नारळी पौर्णिमेनंतरही काही आठवडे पाणी गढूळ आणि वारा लहरी असतो. मार्चपासून उन्हाचा त्रास सुरू होतो. होडीत सावली नसते आणि पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन हनुवटीखालूनसुद्धा भाजतं.

३. होडी कशी मिळवायची

तिकीट काढून चढायचा हा प्रकार नाही. मासेमारीची नोंदणी आणि प्रवासी नेण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवासी बोटींचं काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे, मासेमारी नौकांचं मत्स्यव्यवसाय विभागाकडे. त्यामुळे जेट्टीवर जाऊन “कितीला नेता?” असं ओरडून विचारू नका. एक तर कुणी उत्तर देणार नाही, आणि जो पटकन “चला” म्हणेल त्याच्याबरोबर न गेलेलंच बरं.

मी सुचवेन तो रस्ता थोडा लांबचा आहे. आधी दोन-तीन वेळा सकाळी सायकलने जाऊन बाजारात मासळी घ्या. विकायला बसलेल्या मावशींना सगळं ठाऊक असतं: कुणाची होडी वल्ह्याची, कोण चिंबोऱ्यांना (खेकड्यांना) जातं, कोण गरीला, आणि कोण तोंडाने फटकळ पण पाण्यावर भरवशाचा. भाव करताना फार घासाघीस केली असेल तर ही माहिती मिळायची नाही, हेही ध्यानात ठेवा. ओळख झाली की गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेत जाऊन रीतसर विचारा: मला एखाद्या काकांबरोबर सकाळी गरीला जायचंय, चालेल का, कुणाला विचारू? संस्थेने नाव सांगितलं की निम्मं काम झालं. नाही म्हणाले तर तिथे वाद घालू नका.

ज्यांच्याबरोबर जायचं त्यांच्याशी चार गोष्टी आदल्या दिवशी ठरवा. निघायची वेळ, परतायची वेळ, पैसे, आणि मासळी कुणाची. पैसे वेळेचे ठरवा, मासळीचे नाही. त्यांची अख्खी सकाळ तुमच्यामुळे जाते आणि त्यात त्यांचं स्वतःचं काम मागे पडतं. मासळी मिळाली तर थोडी तुम्ही घ्या, बाकी त्यांची. तुमच्यासाठी चारशे ग्रॅम मासळी पुष्कळ झाली.

एका होडीत तुम्ही एक, फार तर दोघं. चार मित्र असाल तर दोन होड्या किंवा दोन दिवस.

४. कागदपत्रं

२६/११ नंतर किनाऱ्यावर पोलिसांची नजर असते आणि अनोळखी माणूस होडीत चढताना दिसला तर विचारणा होणारच. त्यासाठी एवढं जवळ असू द्या:

– आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, मूळ प्रत, झिपच्या पिशवीत. फोनमधला फोटो फोन भिजला की गेला.
– होडीचा नोंदणी क्रमांक लिहून घरी ठेवलेला. क्रमांक होडीवर रंगवलेला असतो. रंगवलेला दिसत नसेल तर त्या होडीत बसू नका.
– नेणाऱ्यांचं नाव आणि फोन, परतायची वेळ, हे घरच्यांकडे.
– होडीवाल्या काकांचं मच्छीमार ओळखपत्र त्यांच्याजवळ आहे ना, एवढं नम्रपणे विचारून घ्या. राग येत नाही, त्यांना सवय आहे.
– फोनमध्ये साठवायचे क्रमांक: सागरी पोलिसांचा 1093, तटरक्षक दलाचा 1554, आणि नेहमीचा 112.

५. सायकल आणि रस्ता

गिअरची महागडी सायकल लागत नाही. मागे कॅरिअर, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, मडगार्ड आणि बऱ्यापैकी ब्रेक, एवढं पुरे. निघताना अंधार असणार, म्हणून दिव्यांचं चार्जिंग रात्रीच बघा.

वाशीकडून पाम बीच रस्त्याने बेलापूर साधारण दहा किलोमीटर. रस्ता सपाट, सरळ, आणि नेमकी तीच अडचण. पहाटे रस्ता रिकामा दिसला की गाड्या बेफाम सुटतात. डाव्या कडेने, एकामागे एक चाला. फोटोसाठी कडेला थांबायची हौस सिग्नलपाशीच भागवा. महापालिकेचं मुख्यालय आणि तो उंच ध्वजस्तंभ दिसला की किल्ला जंक्शन आलं, आणि तिथून दिवाळे गाव अगदी जवळ.

ठाण्याहून येणाऱ्यांनी कळवा पूल, विटावा, ऐरोली, घणसोली असं ठाणे-बेलापूर रस्त्याने यावं आणि कोपरखैरणेला वाशीकडे वळून पाम बीच धरावा. एकूण पंचवीस-सव्वीस किलोमीटर होतात. औद्योगिक पट्ट्यातले ट्रक आणि कंटेनर पहाटेही चालू असतात. उड्डाणपुलावर चढू नका, खालचा रस्ता घ्या. कंटेनर डावीकडे वळत असेल तर थांबा, त्याला जाऊ द्या. त्याला तुम्ही दिसत नाही.

वेळ मागून मोजा. डिसेंबरात उजाडतं सातच्या सुमाराला आणि साडेसहाला झुंजुमुंजू असतं. होडी साडेसहाला निघणार, तर जेट्टीवर सव्वासहाला. नवख्याने ताशी पंधरा किलोमीटर धरावेत, म्हणजे ठाण्याहून पावणेदोन तास, वर पंक्चरसाठी अर्धा तास. चारला निघावं लागतं. हे जास्त वाटत असेल तर वाशीला मित्राकडे मुक्काम करा.

परतीचं एक गणित कुणी सांगत नाही ते सांगतो. थंडीच्या दिवसांत सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो. अकरा-बारानंतर खारा वारा सुटतो, पश्चिमेकडून. बेलापूरहून वाशीला येताना तुमचं तोंड वायव्येला असतं, म्हणजे वारा समोरून. येताना पाऊण तासात कापलेला पाम बीच जाताना संपता संपत नाही, त्यात हात वल्ह्याने भरून आलेले आणि कॅरिअरवर बर्फाचा डबा. साडेदहाला सायकलवर बसलात तर हा वारा बराचसा चुकतो. चहा-नाश्त्यात रमलात तर नाही.

सायकल कुठे ठेवायची? जेट्टीच्या खांबाला बांधून जाऊ नका. खारं पाणी उडतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टोपल्या अडतात. होडीवाल्यांनाच विचारा. घराच्या पडवीत किंवा जाळी दुरुस्त करतात त्या शेडमध्ये जागा मिळते. कुलूप तरीही लावा.

६. सोबत काय घ्यायचं

– लाइफ जॅकेट. होडीवर नसतं असं धरून स्वतःचं न्या किंवा भाड्याने घ्या. पोहता येतं म्हणून टाळू नका. इथलं पाणी तरणतलावासारखं पारदर्शक नसतं, पाय चिखलात रुतला की पोहणं कामाला येत नाही.
– दोन लिटर पाणी, थोडं मीठ-साखर, केळी किंवा भाकरी. तेलकट नको.
– टोपी, लांब बाह्यांचा सुती शर्ट, बदलायचे कपडे.
– जुने कॅनव्हासचे बूट. चिखलात कालवांची कवचं ब्लेडसारखी असतात, चप्पल तिथे कामाची नाही. पण होडीत चढताना बूट काढून हातात घ्यायचे. होडीत कुणी पादत्राणं घालून वावरत नाही.
– हातमोजे, छोटी पक्कड, गोणपाटाचा तुकडा. कशाला ते पुढे येतं.
– थर्माकोलचा डबा, बर्फासकट. बर्फ बाजारात मिळतो.
– कॅरिअरला बांधायला रबरी पट्टे दोन.

गळकाठी आणू नका. सायकलवर ती अडचण आणि होडीत त्याहून मोठी. हातातली दोरी, शिसं आणि गरी एवढ्यावर भागतं, आणि ते होडीवाल्यांकडे असतं.

७. पाण्यावर

सुरुवातीला वल्ही चालत नाहीत. उथळ पाण्यात काका लांब बांबू चिखलात रोवतात आणि होडी ढकलत नेतात. प्रत्येक वेळी बांबू बाहेर काढताना त्याला हलका पीळ देतात, नाहीतर चिखल तो धरून ठेवतो आणि होडी पुढे, माणूस मागे. तुम्हाला बांबू दिला तर हा पीळ आधी शिका. खोल पाणी लागलं की वल्ही. वल्हं पाण्यात पुरतं बुडवायचं नाही, पातं झाकलं जाईल इतपतच, आणि ओढ पाठीने घ्यायची. मनगटाने वल्हवणाऱ्याच्या तळहाताला अर्ध्या तासात फोड येतात.

होडीत उभं राहायचं नाही. जागा बदलायची तर सांगून, वाकून, मधल्या फळीला धरून. जाळ्याच्या ढिगावर बसायचं नाही आणि जाळ्यावर पाय तर अजिबात द्यायचा नाही.

चारा म्हणून कोळंबी लावतात. गरीवर अशी ओवायची की टोक दिसू नये पण बोटाला जाणवावं. शिसं तळाला टेकलं की दोरी वीतभर वर घ्या आणि तर्जनीवर धरून बसा. शिंगाळा (मिशाळ मासा) धसकन ओढतो. बोई ही मासळी बहुधा गरीला येत नाही, तिच्यासाठी पाग (फेकायचं गोल जाळं) टाकावा लागतो, आणि पाग गोल उघडायला शिकणं हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे. जिताडा लागला तर दोरी काकांच्या हातात द्या. पनवेल-उरणच्या पट्ट्यात या माशाला काय मान आहे ते बाजारातला भाव ऐकून कळेल. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठा जिताडा बहुतेक मादीच. हे ऐकवून तो पाण्यात परत सोडायला लावाल अशी आशा मात्र ठेवू नका.

चिंबोऱ्यांसाठी फग लावतात: लोखंडी कडीला ताणलेलं जाळं, मध्ये बांधलेलं माशाचं डोकं, वर दोरी आणि तरंगणारा थर्माकोलचा तुकडा. उचलताना एका दमात, न थांबता. मध्ये थांबलात की चिंबोरी कडेवरून उतरून जाते. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात असं कोळी सांगतात, म्हणून आपल्या कृष्ण दशमी-द्वादशीला त्यांची आशा जास्त. पोटाखाली अंडी धरलेली मादी परत पाण्यात. लहान पिल्लंही परत. राज्याने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांचं किमान आकारमान ठरवून दिलं आहे, त्यामुळे हा आता नुसता सौजन्याचा भाग राहिलेला नाही.

आता गोणपाट आणि पक्कड. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, करवतीसारखे दाते असलेले आणि विषारी. मासा होडीत आला की त्याला हात लावू नका. ओलं गोणपाट टाकून दाबायचा, पकडीने तिन्ही काटे मोडायचे, मग गरी काढायची. काका हे गप्पा मारता मारता करतात, तुम्ही नका करू. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरा, त्याने वेदना कमी होतात. मग डॉक्टरकडे जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनसह.

८. कुठे जायचं नाही

पलीकडचा ट्रॉम्बेचा किनारा भाभा अणुसंशोधन केंद्राचा आहे. तिकडे होडी वळवायला सांगू नका, तिकडे कॅमेरा रोखू नका, आणि ड्रोन घरीच ठेवा. दक्षिणेला न्हावा-शेव्याकडे मोठ्या जहाजांचा मार्ग आहे, तिथे वल्ह्याच्या होडीचं काम नाही.

वाशीच्या पुलापासून ऐरोलीच्या पुलापर्यंतचा पश्चिमेकडचा पट्टा 2015 पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर स्थळ. तिथे हौसेची मासेमारी नाही. रोहित (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रीतसर बोटीची फेरी असते, ती घ्या.

कांदळवनात शिरणं, तिवराची फांदी तोडणं, काठावर चूल पेटवणं, यातलं काहीही करू नका. कांदळवन तोडणं गुन्हा आहे, आणि तिवरांच्या श्वासमुळांवर पाय पडला की बूट फाटतो तो वेगळाच. होडी चिखलात रुतली तर उतरून ढकलायचा मोह आवरा. गुडघाभर वाटणारा चिखल पुढच्या पावलाला कमरेइतका निघतो. पाणी चढेपर्यंत बसून राहायचं, पाण्याची बाटली त्यासाठीच आहे.

९. परत आल्यावर

आधी होडी धुवायला हात लावा. सांगायची वाट बघू नका. ठरलेले पैसे लगेच द्या, सुट्टे जवळ ठेवून.

मासळी खाण्याबद्दल माझं मत: खाडीच्या तोंडाशी, मोकळ्या पाण्यात मिळालेली मी खातो. वरच्या अंगाला, औद्योगिक पट्ट्याचं पाणी उतरतं त्या भागातली नाही. कालवं कच्ची कुठलीच नाहीत.

डब्यात खाली बर्फ, मध्ये मासळी, वर पुन्हा बर्फ. शिंगाळा आणि चिंबोऱ्या एकत्र ठेवू नका. चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधून त्यांना ओल्या गोणपाटात वेगळं ठेवा, बर्फाने त्या मरतात. डबा कॅरिअरवर आडवा बांधा आणि एकदा सायकल हलवून बघा.

घरी पोचल्यावर झोपायच्या आधी सायकल धुवा, गोड्या पाण्याने. खाऱ्या चिखलाचा थर चेनवर रात्रभर राहिला तर सकाळी ती तांबूस होते आणि आठवड्यात कुरकुरायला लागते. ब्रश मारून, फडक्याने कोरडी करून, कड्याकड्यावर तेलाचा थेंब सोडा आणि जादाचं पुसून टाका. ब्रेकच्या केबलच्या तोंडाशी आणि कुलपाच्या भोकातही एक थेंब. कुलूप आधी गंजतं, आणि ते कळतं पुढच्या खेपेला, जेट्टीवर.